कर्नाटक खासगी वैद्यकीय आस्थापना अधिनियम
खासगी रुग्णालयांची नोंदणी, सेवांचा दर्जा व शुल्क यांवर देखरेख ठेवणारा कर्नाटक राज्याचा कायदा (२००७). बंगळूरच्या चिकपेटसारख्या जुन्या पेठेतील खासगी दवाखान्यापासून मोठ्या खासगी रुग्णालयापर्यंत सर्वांना तो लागू आहे. नोंदणी व तक्रारनिवारण जिल्हा प्राधिकरणाकडे असून जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. दरपत्रक दर्शनी भागी लावणे बंधनकारक आहे. २०१७ मध्ये आरोग्यमंत्री के. आर. रमेश कुमार यांनी उपचारांचे दर शासनाने ठरविण्याची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक मांडले. त्याविरुद्ध नोव्हेंबरमध्ये झालेल्या डॉक्टरांच्या संपानंतर विधिमंडळाच्या बेळगाव अधिवेशनात ते सौम्य रूपात संमत झाले. दरनिश्चिती शासकीय आरोग्य योजनांतील उपचारांपुरती उरली. मात्र थकीत बिलासाठी मृतदेह अडवून ठेवण्यास मनाई झाली.