सातारा-सांगलीत घरचा पेट्रोल खर्च कमी कसा करायचा? कुठे पैसे वाचतात आणि कुठे नुसता भास होतो

महिन्याच्या किराण्याइतकाच पेट्रोलचा खर्चही आता घरच्या वहीत ठळकपणे दिसतो. 2021 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील बहुतेक जिल्ह्यांत पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली. त्यानंतर केंद्राने नोव्हेंबर 2021 आणि मे 2022 मध्ये उत्पादन शुल्क कमी केले, जुलै 2022 मध्ये राज्याने व्हॅट घटवून पाच रुपयांचा दिलासा दिला, मार्च 2024 मध्ये तेल कंपन्यांनी आणखी दोन रुपये उतरवले. दर ठरवणे ग्राहकाच्या हातात नाही. किती लिटर जाळायचे, हे मात्र बऱ्याच अंशी आहे.

सातारा आणि सांगली हे शेजारी जिल्हे असले तरी पेट्रोलच्या बाबतीत दोन टोके आहेत. सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, चढ-उतारावर वसलेले. पोवई नाक्यावरून राजवाडा, समर्थ मंदिर, बोगदा असे गेले की गिअर सतत वर-खाली करावा लागतो. सांगली कृष्णाकाठी, जवळपास सपाट. त्यामुळे तीच गाडी, तोच चालक असूनही दोन शहरांत मायलेज वेगळे येते. सोशल मीडियावर कुणीतरी 'माझी गाडी 70 देते' असे लिहिले, तर तो कुठे चालवतो हे आधी विचारायला हवे.

आधी हिशेब

उदाहरण म्हणून कोरेगावहून साताऱ्याला रोज नोकरीसाठी दुचाकीवर येणारी व्यक्ती घेऊ. जाऊन-येऊन सुमारे 40 किलोमीटर, महिन्याला 25 दिवस, म्हणजे 1000 किलोमीटर. गाडी लिटरला 50 देत असेल तर 20 लिटर लागते. हिशेबाच्या सोयीसाठी दर 105 रुपये धरला तर खर्च 2100 रुपये. मायलेज 45 वर घसरले तर तोच खर्च 2330 च्या पुढे जातो, 55 वर गेले तर 1910 च्या आसपास येतो. म्हणजे गाडी नीट ठेवणे आणि नीट न ठेवणे यात महिन्याला चारशे रुपयांचा फरक पडू शकतो.

यासाठी खरे मायलेज माहीत असायला हवे. कंपनीने जाहीर केलेला आकडा किंवा मीटरवर दिसणारा अंदाज पुरेसा नाही. पद्धत सोपी आहे. टाकी एका ठरावीक खुणेपर्यंत भरायची, किलोमीटर लिहून ठेवायचे, तीन-चारशे किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवायची आणि त्याच पंपावर पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरायची. चाललेले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी भरलेले लिटर, हे खरे मायलेज. दर वेळी 100 किंवा 200 रुपयांचे पेट्रोल टाकणाऱ्यांना हा आकडा कधीच कळत नाही. म्हणून गाडीत बिघाड सुरू झाला तरी तो खिशातून जाणाऱ्या पैशांत दिसत नाही.

गाडीत काय बघायचे?

टायरमधली हवा हे सर्वांत स्वस्त काम. योग्य दाबाचा आकडा कारच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा दुचाकीच्या चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर असतो. पंपावरच्या मुलाला 'टाक तीस-तीस' म्हणण्यापेक्षा तो आकडा सांगावा. हवा कमी असण्याने होणारे नुकसान मात्र फुगवून सांगितले जाते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार चारही टायरमध्ये सरासरी एक पीएसआय हवा कमी झाली की कारचे मायलेज साधारण 0.2 टक्के घटते. आठ पीएसआय कमी असली तरी दीड-दोन टक्केच. तरीही हवा तपासायची, कारण टायर लवकर झिजतो आणि नव्या टायरची किंमत पेट्रोलपेक्षा जास्त टोचते.

दुचाकीत मोठा फटका बसतो तो तीन गोष्टींनी: चिकटून राहणारा ब्रेक, सुकलेली किंवा अति ताणलेली चेन आणि कोंदलेला एअर फिल्टर. गाडी स्टँडवर लावून मागचे चाक हाताने फिरवले आणि ते लगेच थांबले, तर ब्रेक घासतो आहे असे समजावे. एअर फिल्टरचा प्रश्न ऊसपट्ट्यात जास्त. गाळप हंगामात कराड, तासगाव, वाळवा भागात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागून धुळीत गाडी चालवावी लागते. तिथे पुस्तिकेत दिलेल्या अंतराआधीच फिल्टर साफ करून घेणे योग्य.

चालवण्याची पद्धत याहून महत्त्वाची आहे. इंधन बचतीसाठी 1978 मध्ये स्थापन झालेली पीसीआरए ही केंद्र सरकारची संस्था ताशी 45 ते 55 किलोमीटरचा वेग किफायतशीर मानते. महामार्गावर कारने या वेगाने जाणे व्यवहार्य नाही, पण 100 ऐवजी 80 वर राहिले तरी फरक जाणवतो, कारण हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साताऱ्याहून कागलकडे जाताना सहापदरीकरणाच्या कामामुळे अनेक ठिकाणी वळणरस्ते आले. तिथे वेग घेऊन लगेच ब्रेक मारणे म्हणजे पेट्रोल जाळून ब्रेकचे लायनर तापवणे. रेल्वे फाटक पडले असेल तर इंजिन बंद करावे. छोट्या कारचे इंजिन नुसते चालू ठेवले तरी तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जाते.

घाटात न्यूट्रल: बचत नाही, धोका आहे

खंबाटकी, पसरणी किंवा यवतेश्वरचा घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची, काही जण तर किल्लीच बंद करतात. 'उतारावर पेट्रोल कशाला जाळायचे' हा त्यामागचा विचार. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांच्या काळात त्यात थोडे तथ्य होते. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाले आणि दुचाक्याही फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. अशी गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की संगणक इंजिनाचे पेट्रोल जवळजवळ तोडतो, चाकेच इंजिन फिरवत ठेवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून थोडे पेट्रोल सोडत राहावे लागते. म्हणजे बचतीसाठी जे केले जाते, त्यानेच पेट्रोल जास्त जाते.

धोका याहून मोठा. गिअर काढला की इंजिनाचा रोध संपतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. कारची किल्ली बंद केली तर दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखे कडक होते, स्टिअरिंग जड होते आणि किल्ली पूर्ण फिरवली तर लॉकही होऊ शकते. ज्या गिअरमध्ये घाट चढलो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा जुन्या एसटी चालकांचा नियम आजही बरोबर आहे.

कास पठाराच्या सहलीचाही हिशेब असाच लावता येतो. सातारा समुद्रसपाटीपासून साधारण 700 मीटरवर, कास सुमारे 1200 मीटरवर. पाचशे मीटर वजन वर चढवायचे असते. दोन कार नेण्यापेक्षा एकीत दाटीने बसणे केव्हाही स्वस्त, मात्र डिकीतली आणि टपावरची अनावश्यक ओझी घरी ठेवावीत.

गाडी घरी ठेवून

मोठी बचत मायलेज वाढवण्यात नसते, फेऱ्या कमी करण्यात असते. एसटीची गणिते पुन्हा करून बघायला हवीत, कारण 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीच्या तिकिटात 50 टक्के सवलत आहे. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आणि 75 वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट 2022 पासून मोफत प्रवास आहे. वरच्या उदाहरणात दुचाकीचा रोजचा पेट्रोल खर्च 84 रुपये येतो. अर्ध्या तिकिटात दोन्ही वेळचा प्रवास त्याहून स्वस्त पडतो, शिवाय गाडीची झीज वाचते. पुरुषांना पूर्ण तिकीट पडते, पण मासिक पासाला 20 दिवसांचे भाडे भरून 30 दिवस आणि त्रैमासिक पासाला 50 दिवसांचे भाडे भरून 90 दिवस प्रवास करता येतो. एकाच दिशेला जाणारे दोघे एका दुचाकीवर येत असतील, तर मात्र दुचाकी बहुधा एसटीला हरवते.

रेल्वेचा उपयोग सांगलीकरांना अधिक. मिरज, सांगली, नांद्रे, भिलवडी, किर्लोस्करवाडी ही स्थानके एका ओळीत आहेत आणि साध्या डब्याचे तिकीट अगदी कमी. साताऱ्याचे स्थानक माहुलीजवळ, शहरापासून बाहेर, कराडचे ओगलेवाडीला. तिथपर्यंत पोचायला रिक्षा करावी लागली की बचत रिक्षातच जाते.

जवळच्या कामांसाठी सायकल हा सल्ला साताऱ्यात चढामुळे थोडा कोरडा वाटतो. सांगलीत तसे नाही. विश्रामबाग ते गणपती पेठ रस्ता सपाट आहे. आणि या छोट्या फेऱ्याच महाग असतात: थंड इंजिन पहिले दोन-तीन किलोमीटर जास्त पेट्रोल पिते. दूध, भाजी, शिकवणी यासाठी दिवसातून चारदा गाडी काढली तर किलोमीटर कमी दिसतात, पेट्रोल मात्र संपते.

सीमेपलीकडचे स्वस्त पेट्रोल

मिरज आणि जत तालुके कर्नाटकाला लागून आहेत. दोन्ही राज्यांचे कर वेगळे असल्याने तिकडे दर कमी असतो, म्हणून म्हैसाळ ओलांडून कागवाडला टाकी भरायला जाणारे अनेक. जून 2024 मध्ये कर्नाटकाने करवाढ करून पेट्रोल तीन रुपयांनी महाग केले आणि हा फरक आकसला. समजा फरक तीन रुपयांचा आहे. दुचाकीत आठ लिटर भरले तर वाचले 24 रुपये. मुद्दाम तीस किलोमीटर जाऊन-येऊन केले तर 50 च्या मायलेजने 63 रुपयांचे पेट्रोल जळले. कामानिमित्त तिकडे गेलेच असाल तर जरूर भरा, नुसते पेट्रोलसाठी जाणे तोट्याचे.

इथेनॉलमुळे मायलेज घटते का?

हो, थोडे. आणि हा विषय या दोन जिल्ह्यांच्या घरचाच, कारण ज्या उसाच्या ट्रॉलीमागे गाडी अडकते, त्याच उसाच्या मळीतून आणि रसातून इथेनॉल बनते. 20 टक्के इथेनॉल असलेले ई-20 पेट्रोल फेब्रुवारी 2023 मध्ये आले आणि 2025 पर्यंत देशभर पोचले. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात जुन्या दुचाक्यांसाठी 3 ते 4 टक्के, जुन्या कारसाठी 6 ते 7 टक्के आणि ई-10 साठी बनवून ई-20 ला जुळवलेल्या कारसाठी 1 ते 2 टक्के घट अंदाजलेली आहे. म्हणजे 2100 रुपयांवर साठ-ऐंशी रुपये. मायलेज एकदम 15 टक्क्यांनी पडले असेल तर इथेनॉलला दोष देत बसण्यापेक्षा मेकॅनिककडे जावे.

इथेनॉल पाणी शोषते. पावसाळ्यात पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी झटके देऊ लागली, तर टाकीत पाणी गेल्याची शक्यता असते. अशा वेळी गाडी न रेटता पंपावर पावतीसह तक्रार करावी.

इलेक्ट्रिक आणि सीएनजी

महिन्याला 1000 किलोमीटर चालवणाऱ्याला इलेक्ट्रिक स्कूटर खरोखर परवडते. 100 किलोमीटरला साधारण साडेतीन युनिट धरले तर महिन्याला 35 युनिट, दहा रुपये दराने 350 रुपये. दर मुद्दाम चढा धरला आहे, कारण हे युनिट घरच्या वापरात मिळून महावितरणच्या वरच्या टप्प्यात जाऊ शकतात. पेट्रोलच्या तुलनेत महिन्याला सतराशे-अठराशे रुपये वाचतात. महिन्याला 300 किलोमीटरच चालत असेल तर बचत पाचशेच्या आसपास, आणि जास्तीची किंमत भरून निघायला वर्षे जातात. चढावर बॅटरी लवकर उतरते, हे सातारकरांनी लक्षात घ्यावे.

सीएनजीवर चालणारी जगातली पहिली मोटारसायकल बजाजने जुलै 2024 मध्ये पुण्यात सादर केली. ती किंवा सीएनजी कार घेण्याआधी पंप रोजच्या रस्त्यावर आहे का, हे बघावे. वाकडी वाट करून रांगेत थांबायचे असेल तर हिशेब बिघडतो.

रील्समधले उपाय

'सकाळी थंड पेट्रोल भरा, जास्त मिळते.' पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, तिथले तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही. पाच अंशांचा फरक धरला तरी पाच लिटरमागे जेमतेम 25 मिलिलिटर, म्हणजे अडीच रुपये. '100 ऐवजी 110 चे भरा.' यंत्राला आकड्याचे सोयरसुतक नसते. पेट्रोलच्या नळीला लावायचे चुंबक आणि टाकीत टाकायच्या गोळ्या यांवर पैसे घालवू नयेत. उन्हाळ्यात टाकी फुल केली तर स्फोट होतो, हा मेसेज तर दरवर्षी फिरतो. इंडियन ऑइलने तो जाहीरपणे खोडून काढलेला आहे.

दरवाढीच्या बातमीनंतर कॅनमध्ये पेट्रोल भरून घरी ठेवणे हा त्यातला सर्वांत वाईट उपाय. जून 2017 पासून दर रोज सकाळी सहाला ठरतो, वाढ झाली तरी ती बहुधा पैशांत असते. आणि त्या कॅनशेजारी स्वयंपाकघरातला गॅस पेटत असतो.

पंपावर मात्र ग्राहकाला एक हक्क आहे, तो फार कमी जण वापरतात. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाने मुद्रांकित केलेले पाच लिटरचे माप ठेवणे बंधनकारक आहे. शंका आली तर त्यात पेट्रोल मोजून दाखवायला सांगता येते. पाच लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात चालतो, त्याहून कमी भरले तर तक्रार करता येते. भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपरही मागता येतो: त्यावर टाकलेला पेट्रोलचा थेंब डाग न ठेवता उडून जायला हवा. रोजच्या व्यवहारात एवढे केले तरी पुरे: मीटर शून्यावर आहे हे बघायचे, भरत असताना मोबाईल खिशात ठेवायचा आणि पावती मागून घ्यायची.