मटणात वाईन, शिंदीची झाडं आणि आमची माय

आखाडातला शेवटचा रविवार होता. पुतण्या पुण्याहून कुरुंद्याला येत होता. नांदेडात उतरून त्यानं फोन केला, "काका, मटणात घालायला वाईन घेतोय. लाल घेऊ का पांढरी?" फोन स्पीकरवर होता. मी काही बोलायच्या आत माय म्हणाली, "माह्या पातेल्यात दारू नाही पडणार."

त्या दिवशी विषय तिथंच थांबला. पण पत्रकाराची खोड जात नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर वाटत होते, म्हणून थोडा खोलात गेलो.

आधी पोराच्या प्रश्नाचं उत्तर. मटणाच्या गडद रश्श्याला लाल, कोंबडी-मासळीला पांढरी, असा साधा हिशेब आहे. पण रंगापेक्षा महत्त्वाचं म्हणजे वाईन गोड नको. रस्सा आटला की तो गोडवा वर येतो. महागडी बाटलीही लागत नाही. कांदा-मसाला परतून झाला की घालायची, झाकण न ठेवता उकळू द्यायची, मग पाणी. वाईन आंबट असते, त्यामुळं दही, टोमॅटो, चिंच त्या मानानं कमी करायची. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात किंवा ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ती शिजवू नये.

"शिजवल्यावर दारू उडून जाते" हे मात्र अर्धसत्य आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार १५ मिनिटं शिजवल्यावर सुमारे ४० टक्के अल्कोहोल शिल्लक राहतं, तासाभरानं २५ टक्के आणि अडीच तासांनी ५ टक्के. म्हणजे मायचा संशय अगदीच खोटा नाही.

आता इतिहास. वाईन घालून मांस शिजवणं आपल्या मुलखाला नवं नाही. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. त्यांच्याकडं वाईन आणि लसणात मांस मुरवायची पद्धत होती. इथं वाईन मिळेना, तेव्हा गोव्यातल्या स्वयंपाकघरानं माडाच्या सुरेचं व्हिनेगर वापरलं, त्यात मिरची-मसाले आले आणि पदार्थ झाला विंदालू. नावातला 'आलू' बटाट्याचा नाही, पोर्तुगीज भाषेतल्या लसणाचा आहे. त्याच सुरेनं सान्नांचं पीठ आंबवतात. तिकडं झाडाची दारू स्वयंपाकघरात आली आणि आंबट, खमीर होऊन घरचीच झाली.

आपल्याकडं झाड होतं शिंदीचं. त्याचा रस काढून आंबवला की शिंदी. पण आपण होतो निजामाच्या राज्यात. कुरुंदा, वसमत, हिंगोली हा सगळा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात. शिंदीवर अबकारी कर होता आणि तो सरकारी तिजोरीचा मोठा आधार होता. झाड शेताच्या बांधावर असलं तरी त्याच्या रसावर हक्क सरकारचा आणि ठेकेदाराचा. मला वाटतं, फरक इथंच पडला. गोव्यात सूर चुलीपाशी गेली, आपल्याकडं शिंदी दुकानात गेली. आणि दुकानात गेलेली दारू घरी येते ती पिऊन आलेल्या माणसाच्या रूपात.

म्हणूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामात शिंदीच्या झाडांवर कुऱ्हाडी चालल्या. ७ ऑगस्ट १९४७ ला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा भारतात विलीनीकरणासाठीचा लढा सुरू झाला. निजामाचं उत्पन्न तोडायचं म्हणून सत्याग्रहींनी शिंदीची झाडं तोडली. दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण झेंडा फडकवतो, भाषणं ऐकतो. त्या स्वातंत्र्याच्या पायात शिंदीचे बुंधेही आहेत, हे पोरांना कोण सांगतं?

पुढं १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा होता. तो नाव बदलून आजही आहे. कागदावर दारू जवळ बाळगायला अजूनही परवाना लागतो. केकमध्ये घालायच्या इसेन्सला त्या कायद्यात सूट आहे, कारण तो पिण्यालायक नसतो. वाईनला नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत भाजीत घालायची वाईनही दारूच. माय आणि कायदा एका बाजूला!

दुसरीकडं राज्य सरकारनं २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण आणून वाईनला प्रोत्साहन दिलं. २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायला मान्यता दिली. कारण सांगितलं शेतकऱ्याचं. राज्यभर विरोध झाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय प्रत्यक्षात उतरलाच नाही.

त्या चर्चेत दोन्हीकडून आवाज मोठा होता. पण किराणा दुकानात सर्वात जास्त जाणाऱ्या बाईला कुणी विचारलं? आपल्या राज्यात गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायका मतदान करतात, आडवी बाटली निवडून आणतात. ज्यांना बाटली आडवी करायला रांगेत उभं राहावं लागतं, त्यांच्या फडताळात तेलाच्या डब्याशेजारी बाटली ठेवा म्हणणं सोपं नाही. आमच्या मोठ्या मामाचं दोन एकर रान दारूत गेलं. माय ते विसरलेली नाही. तिचा नकार अडाणीपणा नाही, तो अनुभव आहे.

आणि शेतकऱ्याचं म्हणाल तर आपल्या भागात ऊस आहे. साखरेतून उरलेल्या मळीपासूनच देशी दारू बनते. ऊस आमचा, मळी आमच्या उसाची, महसूल सरकारचा आणि भांडण आमच्या घरात. शेतकऱ्याचं नाव घेऊन धोरण आणणाऱ्यांनी हाही हिशेब मांडावा.

त्या रविवारी शेवटी काय झालं? पुतण्यानं अंगणात वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात त्याचं मटण केलं. वाढायच्या आधी सगळ्यांना सांगितलं की यात वाईन आहे. मला ते महत्त्वाचं वाटलं. पंगतीत लेकरं असतात, गरोदर सून असते, कष्टानं दारू सोडलेला एखादा माणूस असतो. न सांगता वाढू नये, एवढा नियम पुरे. मी चाखलं. चव चांगली होती. पण मायच्या चिंच घातलेल्या रश्श्याला दोन भाकरी जास्त लागल्या, हेही खरं.

आंबवणं आपल्यालाही येतंच की! ज्वारीची आंबील, कुरडईसाठी तीन दिवस भिजवलेले गहू, हे सगळं आंबवलेलंच. फक्त त्यावर कुणी ठेका दिला नाही.

कुरुंदा, वसमत, औंढा भागातल्या जुन्या जाणत्यांनो, तुमच्या शिवारात शिंदीची झाडं कुठं होती? मुक्तिसंग्रामात ती कुणी तोडली? घरात ऐकलेलं काही असेल तर सांगा. १७ सप्टेंबरच्या आधी लिहून ठेवायचंय.