शिडाचं कापड आणि उन्हाची वीज

मंडळी, दापोलीत बसून समुद्राविषयी बोलायचं तर हर्णै टाळता येत नाही, आणि हर्णै म्हटलं की समोर सुवर्णदुर्ग आलाच. पण आज मी तटबुरुजांबद्दल बोलणार नाही. कापडाबद्दल बोलणार आहे.

साल १७५५. तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशवे आणि इंग्रज एकत्र आलेले. कमोडोर विल्यम जेम्स 'प्रोटेक्टर' हे जहाज घेऊन सुवर्णदुर्गापाशी आला. आंग्र्यांचं आरमार नांगर टाकून उभं होतं, ते दोर सोडून खुल्या समुद्रात निघालं. वारा अगदी मंद. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने हा पाठलाग लिहून ठेवला आहे. आंग्र्यांच्या खलाशांनी जड सामान पाण्यात फेकलं, होती नव्हती तेवढी शिडं चढवली, आणि तरी भागेना तेव्हा अंगावरचे कपडे आणि डोक्यावरची पागोटीसुद्धा वाऱ्याला धरली! आरमार निसटलं. किल्ला मात्र एप्रिलमध्ये पडला. पुढे जेम्सच्या विधवा पत्नीने १७८४ साली लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ बुरूज बांधला. तो आजही 'सेव्हर्नड्रूग' म्हणूनच ओळखला जातो, म्हणजे आपला सुवर्णदुर्ग.

हे वर्णन जिंकलेल्या बाजूचं आहे, हे ध्यानात ठेवू. पण त्यातली पागोट्यांची गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्या काळी नौकेचं इंजिन म्हणजे कापड. जेवढं कापड, तेवढी ताकद.

मग वाफ आली, आगबोटी आल्या. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत मच्छीमार होड्यांवर डिझेल इंजिनं बसली. शीड हळूहळू गेलं. कापड उरलं ते झाकायला आणि सावलीला. शक्ती देणारं कापड नुसतं आच्छादन झालं.

आता थोडं मुंबईकडे वळतो. १९६४ साली मुंबईत सागवानाची एक छोटी शिडाची नौका पाण्यात उतरली, 'सुहेली'. तीच घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८ च्या जूनमध्ये इंग्लंडहून निघाला आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला, कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला. असं करणारा तो पहिला माणूस. पण वाटेत त्याचा रेडिओ बंद पडला. कित्येक महिने तो जिवंत आहे की नाही, हे घरच्यांना कळायला मार्ग नव्हता. नौका चालवायला वारा पुरेसा होता. बोलायला मात्र वीज लागते, आणि वीज वाऱ्यात नव्हती.

सिलिकॉनचा कामाचा सौर सेल अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने १९५४ मध्ये दाखवला होता. चारच वर्षांत तो 'व्हॅन्गार्ड' उपग्रहावर अवकाशात गेला, पण सामान्य नौकेपर्यंत यायला त्याला बराच काळ लागला. सुरुवातीची पॅनेलं काचेची, अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीची, जड. त्यांना पक्का आधार हवा. पुढे प्लॅस्टिकच्या थरांत बसवलेली, थोडी वाकणारी, वजनाला दोन-तीन किलोंची पॅनेलं आली, आणि पुन्हा कापडाचा नंबर लागला.

कापडावर पॅनेल बसवायचं कसं? सेलमधून सुई घालायची नाही, एक टाका चुकला तर पॅनेल गेलं. पॅनेलच्या कडेला झिप किंवा वेल्क्रोची पट्टी लावतात, तिची जोडपट्टी कापडावर शिवतात. धागा उन्हात न कुजणारा हवा. कापड ताणलेलं हवं. झोळ पडला की पाणी साचतं, आणि वाऱ्याने फडफडलं की सेलना बारीक तडे जातात. तुफानाची चिन्हं दिसली की दोन मिनिटांत काढता आलं पाहिजे.

आणखी दोन अडचणी. एक, सावली. सेल एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे डोलकाठीची बोटभर सावलीसुद्धा बरीच वीज खाते. म्हणून एका मोठ्या पॅनेलऐवजी दोन्ही बाजूंना लहान लहान दोन बरी. दुसरी, उष्णता. पॅनेल तापलं की वीज घटते, म्हणून खालून हवा खेळू द्यायची. आणि शीड उतरवल्यावर त्यावर घालतात त्या खोळीवर पॅनेल लावलं, तर ते नौका नांगरावर असतानाच कामाचं. शीड चढलं की खोळ निघाली! सावलीच्या छतावर लावलेलं मात्र चालत्या नौकेतही वीज देतं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं हौशी नौकावाल्यांचं, हर्णैच्या तांडेलाला याचं काय? त्याच्याकडे इंजिन आहे. बरोबर. पण इंजिन बंद पडतं तेव्हाच रेडिओची खरी गरज असते, आणि बॅटरी इंजिनवरच चार्ज होते. साधा हिशोब करू. व्हीएचएफ रेडिओ नुसता ऐकत ठेवला तर साधारण पाच वॅट, म्हणजे दिवसरात्र मिळून १२० वॅट-तास. शंभर वॅटचं पॅनेल, आडवं आणि थोडं तापलेलं धरलं, तरी हिवाळ्यातल्या स्वच्छ उन्हात तीनशेच्या आसपास देईल. रेडिओ भागून एक-दोन दिवेही जळतील. होडी चालवायला हे पुरणार नाही, तसा दावाही नाही. हाक मारायला पुरेल. होडीवर सावलीसाठी ताडपत्री तर बांधतातच. तिच्यावर ते बसू शकतं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर झाकून ठेवल्या की पॅनेल काढून, गोड्या पाण्याने धुऊन घरात सपाट ठेवायचं. मिठाचा थर हा त्याचा मोठा शत्रू.

१७५५ साली खलाशांनी पागोटी सोडून वारा धरला तो जीव वाचवायला. आज तेच कापड ऊन धरू शकतं, आणि कारणही तेच आहे. म्हणून हर्णैला गेलात की किल्ला बघाच, पण बंदरातल्या होड्यांवरच्या ताडपत्र्याही बघा. आपल्या आरमाराचा इतिहास तिथेही आहे.