जीर्णोद्धार म्हणजे जुन्याचे जतन

जे जीर्ण झाले त्याचा उद्धार तो जीर्णोद्धार. जुने पाडून त्या जागी नवे उभारणे, हा त्याचा अर्थ नव्हे. आपल्या मंदिराच्या या मंगल प्रसंगी जुन्नर-आंबेगाव परिसरातील नदीकाठच्या पुरातन ठेव्याची थोडी ओळख करून घेणे म्हणूनच उचित ठरेल.

कुकडी, मीना आणि घोड या नद्यांनी हा मुलूख पोसला. कोकणातून नाणेघाट चढून येणारा व्यापारी मार्ग जुन्नरला येत असे. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील शिलालेख दोन हजार वर्षांनंतरही उभा आहे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. त्यांपैकी लेण्याद्रीच्या एका बौद्ध विहारात पुढे श्रीगिरिजात्मज विराजमान झाले. देव आले, पण मूळचा विहार कोणी मोडला नाही.

कुकडीच्या उगमाजवळ पूर येथे कुकडेश्वराचे शिल्पांनी नटलेले पाषाणी शिवालय आहे. त्याच नदीच्या काठी खाली ओझरचा श्रीविघ्नेश्वर. १७३९ साली वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी या मंदिराचा जीर्णोद्धार करून शिखर सोन्याने मढविले. १९६७ साली पुन्हा जीर्णोद्धार झाला. प्रत्येक पिढीने आपला वाटा उचलला आणि ठेवा पुढच्या पिढीच्या हाती दिला.

परंतु सारेच वाचले असे नाही. ज्या गावाच्या नावाने आंबेगाव तालुका ओळखला जातो, ते घोडकाठचे आंबेगावच डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले. या जलाशयास महाळुंगे पडवळचे सुपुत्र, १९३० साली परदेशी मालाच्या मोटारीपुढे आडवे होऊन प्राणार्पण करणारे हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांमुळे कोरडवाहू शिवारे बागायती झाली. आज मंदिरासाठी पुढे येणारे कित्येक हात याच पाण्यावर पिकलेल्या मळ्यांतले आहेत. ज्यांनी घरेदारे, देवळे सोडली त्यांचे ऋण आपण विसरता कामा नये.

त्या गावाच्या बदल्यात पाणी तरी मिळाले. आपल्याच हातून पायरीखाली गाडल्या गेलेल्या वीरगळाच्या बदल्यात काय मिळणार?

गावोगावी देवळाबाहेर, पाराखाली असे दगड पडलेले दिसतात. खालच्या भागात लढाई, मध्ये वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. गावासाठी, गुरांसाठी लढून पडलेल्या पूर्वजाचे ते स्मारक होय. त्याला धुणे धुण्याचा दगड करू नये. देवळाच्या आवारात उभे करून ठेवावे.

काम करताना आणखी काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. कोरीव दगडास तैलरंग फासू नये; त्याने बारीक नक्षी बुजते आणि दगडातला ओलावा आत कोंडतो. चुन्यातल्या जुन्या बांधकामाला शक्यतो चुन्यानेच डागडुजी करावी. दगड हलविण्यापूर्वी त्यावर क्रमांक घालून छायाचित्र घ्यावे. देणगीदारांची नावे जरूर लिहावीत, पण स्वतंत्र फलकावर. जुन्या शिळेवर कोरू नयेत. पाया खणताना नाणी, ताम्रपट असे काही गुप्तधन सापडल्यास १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे.

देऊळ केवळ भिंतींचे नसते. नदीचा घाट, बारव, पारावरचा वड, दीपमाळ हे सारे देवाचेच आवार. आंबेगावच्या पश्चिमेस आहुपे येथे देवराई आहे. देवाच्या धाकाने पिढ्यान्‌पिढ्या अशा राया राखल्या गेल्या. तोच धाक आपल्या नदीकाठच्या झाडांनाही लाभावा.

मंदिरासाठी धन देणाऱ्यांचे आणि श्रमदान करणाऱ्यांचे उपकार मोठे आहेत. त्यांच्या हातून नवे उभे राहावे, आणि जुनेही टिकून राहावे, हीच ईशचरणी प्रार्थना.