फूल आणि दोन पाने

राज्ये जोडणे आणि राज्ये तोडणे हा दिल्लीचा फार जुना व्यवसाय आहे. सुलतान, मोगल बादशहा, ब्रिटिश व्हाइसरॉय आणि त्यानंतर आपली संसद, या सर्वांनी या नगरीत बसून प्रांतांच्या सीमा आखल्या आणि पुसल्या. त्यांच्यात अंतर आहे, आणि ते मोठे आहे; संसद आपण निवडून देतो. तथापि ज्या माणसाच्या शिवारावरून सीमारेषा जाते, त्याला 'बाबा रे, तुझे म्हणणे काय?' असे सरळ विचारण्याचा प्रघात येथे कधीच नव्हता. आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार राज्ये निर्माण करण्याचा व त्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. संबंधित विधिमंडळाचे मत मागवावे लागते, पण ते मानण्याचे बंधन संसदेवर नाही. मतदाराला विचारण्याची तर तरतूदच नाही.

१९६६ साल घ्या. त्या वर्षी १ नोव्हेंबरला पंजाबचे विभाजन होऊन हरियाणा राज्य अस्तित्वात आले आणि दिल्लीच्या तीन बाजूंना एका नव्या राज्याची हद्द लागली. सीमा कोठून जावी हे सुचविण्याचे काम न्यायमूर्ती शाह यांच्या आयोगाने केले. कोणाही गावकऱ्याने त्यासाठी मतपत्रिका हाती घेतली नाही. परंतु त्यानंतर अवघ्या महिनाभरात त्याच संसदेने एक निराळाच कायदा संमत केला. गोवा, दमण आणि दीव येथील लोकांनी आपले भवितव्य मतदानाने सांगावे, असा तो कायदा होता. १६ डिसेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांची त्याला संमती मिळाली आणि बरोबर एका महिन्याने, १६ जानेवारी १९६७ रोजी, गोव्यात मतदान झाले. जुनागढ, चंद्रनगर आणि पुढे सिक्कीम येथेही मते घेतली गेली. पण तेथील प्रश्न भारतात येण्याचा होता. भारतात आलेल्या प्रदेशाने एखाद्या राज्यात विलीन व्हावे की नाही, हे लोकांना विचारण्याचा प्रसंग हा एकच.

श्रोते हो, या प्रसंगाची आठवण महाराष्ट्रात आजही थोडी दुखऱ्या मनाने काढली जाते. म्हणूनच तो नीट पाहिला पाहिजे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि केंद्रशासित प्रदेश बनला. गोव्याचे वेगळेपण जपले जाईल, असे आश्वासन पंडित नेहरूंनी दिले होते. डिसेंबर १९६३ मध्ये पहिली निवडणूक झाली, तेव्हा दिल्लीच्या सत्ताधारी पक्षाला धक्का बसला. गोव्यात काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. तीस जणांच्या विधानसभेत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला मित्रपक्षासह १६ जागा मिळाल्या आणि युनायटेड गोवन्स पक्षाला १२. दयानंद बांदोडकर, म्हणजे गोवेकरांचे भाऊसाहेब, मुख्यमंत्री झाले. विरोधी बाकावर डॉ. जॅक सिक्वेरा बसले. पहिल्यांचे ध्येय महाराष्ट्रात विलीनीकरण, दुसऱ्यांचे स्वतंत्र गोवा राज्य.

या भांडणाचे वर्णन पुष्कळदा हिंदू विरुद्ध ख्रिस्ती, किंवा मराठी विरुद्ध कोंकणी, असे केले जाते. त्यात तथ्यांश आहे, पण ते पुरे नाही. भाऊसाहेबांच्या मागे जो बहुजन समाज उभा राहिला, त्याच्या दृष्टीने महाराष्ट्र म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर खालमानेने राहणाऱ्या मुंडकाराला मिळणारी मोकळी हवा होती. कुळकायदा, शाळा, नोकऱ्या, आपल्यासारख्यांच्या हाती असलेली सत्ता हे सारे त्या एका शब्दात सामावले होते. उलट बाजूचा माणूसही केवळ धर्माने बोलत नव्हता. मोठ्या राज्यात गेलो तर आपण एखाद्या जिल्ह्यापुरते उरू, कारभारी मुंबईहून येतील, अशी त्याला भीती होती. महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदी होती. माडाची सूर काढणाऱ्याला आणि काजूची फेणी गाळणाऱ्याला तो पोटाचा प्रश्न वाटला. आणि कोंकणी ही मराठीची बोली ठरविली जाईल, ही चिंता रवींद्र केळेकरांसारख्या हिंदू लेखकाला कोणाहून कमी नव्हती.

गंमत अशी की या वादाची पुष्कळशी लढाई मराठीतच लढली गेली. बा. द. सातोस्कर यांचा 'गोमंतक' विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होता. त्याच्यासमोर विलीनीकरणाच्या विरोधात उभा होता तो 'राष्ट्रमत', आणि तोही मराठी दैनिकच. महाराष्ट्रात जायचे नाही, हे सांगण्यासाठी गोवेकराने मराठीचाच आधार घेतला. भाषेवर प्रेम असणे आणि त्या भाषेच्या राज्यात सामील होणे या दोन गोष्टी त्याच्या मनात वेगळ्या होत्या. आपल्याला मात्र त्या एकच वाटत होत्या.

१९६५ मध्ये गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने त्याला दुजोरा दिला, तर म्हैसूर राज्याने विरोध केला. महाराष्ट्रवादी पक्षाचे म्हणणे असे की, १९६३ ची निवडणूक हाच लोकांचा कौल. पुन्हा विचारायचे कशाला? दुसरी बाजू म्हणे, निवडणूक सरकार निवडण्यासाठी असते. घराचा उंबरठा कोठे असावा हा प्रश्न निराळा, तो निराळाच विचारला पाहिजे. शिष्टमंडळांच्या दिल्लीवाऱ्या सुरू झाल्या. गोवा काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनी सार्वमतासाठी दिल्लीत चिकाटीने प्रयत्न केले. पंतप्रधान इंदिरा गांधींच्या सरकारने दुसरे म्हणणे मान्य केले. कायदा झाला तेव्हा गृहखाते यशवंतराव चव्हाणांकडे होते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

दिल्लीने या वेळी तीन गोष्टी केल्या. एक, मतदानापूर्वी बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली. पक्षकारानेच पंच होऊ नये, ही मागणी त्यामुळे पुरी झाली. दोन, प्रश्न सोपा ठेवला. मतपत्रिकेवर फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे केंद्रशासित प्रदेश. अक्षर न येणाऱ्यालाही आपण काय मागतो आहोत ते कळत होते. तीन, तिसरा पर्याय दिला नाही. स्वतंत्र राज्य मागणाऱ्यांना दोन पानांवरच समाधान मानावे लागले. मुंबईत आणि अन्यत्र राहणाऱ्या गोवेकरांनाही मत मिळाले नाही. म्हणजे प्रक्रिया निर्दोष नव्हती. पण दोन्ही चिन्हांमागचे परिणाम सर्वांना ठाऊक होते.

३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिले, म्हणजे शंभरांतील सुमारे ८२ जणांनी. फुलाला १,३८,१७० मते पडली. दोन पानांना १,७२,१९१. चौतीस हजार एकवीस मतांनी विलीनीकरण हरले. पेडणे, डिचोली, सत्तरी फुलाकडे झुकले, सासष्टी दोन पानांकडे. ख्रिस्ती लोकसंख्या निम्म्याहून बरीच कमी होती. तेव्हा हिंदू मतदारांनीही मोठ्या संख्येने दोन पाने निवडली, हे आकड्यांवरूनच स्पष्ट होते.

खरा बोध यापुढे आहे. १९६७ च्या मार्च महिन्यात विधानसभेची निवडणूक झाली. ज्या मतदारांनी बांदोडकरांचे ध्येय जानेवारीत नाकारले होते, त्यांनीच सव्वादोन महिन्यांनी त्यांच्या पक्षाला १६ जागा देऊन त्यांना पुन्हा मुख्यमंत्री केले. सिक्वेरांचा पक्ष १२ जागांवरच राहिला. 'तुमचे राज्य आम्हाला हवे, तुमचा महाराष्ट्र नको', असा हा निवाडा होता. जानेवारीचा आणि मार्चचा प्रश्न वेगळा आहे हे त्या शेतकऱ्याला, खलाशाला, सूर काढणाऱ्याला नेमके समजले. हरलेल्या पक्षाने कौल मानला, आणि मानणे त्याला शक्य झाले याचे एक कारण हे की, हरल्यावरही त्याला परत येण्याची वाट मोकळी होती. भाऊसाहेब १९७३ मध्ये निधन पावेपर्यंत मुख्यमंत्री होते, आणि खेडोपाडी प्राथमिक शाळा नेण्याचे त्यांचे काम त्या पराभवाने थांबले नाही.

याच्याशी अलीकडची एक घटना ताडून पाहता येईल. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला: बाहेर पडावे म्हणणारे ५१.९ टक्के, राहावे म्हणणारे ४८.१. प्रश्न तेथेही दोन शब्दांचाच होता. पण बाहेर पडणे म्हणजे नेमके काय, याचे उत्तर मतपत्रिकेमागे कोणापाशीच तयार नव्हते. ते शोधण्यात साडेतीन वर्षे, दोन निवडणुका आणि दोन पंतप्रधानांची कारकीर्द खर्ची पडली, तेव्हा कोठे ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडला. लोकांना प्रश्न विचारण्यापूर्वी विचारणाराने दोन्ही उत्तरांची तयारी ठेवली पाहिजे. गोव्यात ती होती.

अर्थात एका मतदानाने सर्व प्रश्न सुटत नाहीत. गोव्यात भाषेचा प्रश्न मतपेटीत नव्हताच, म्हणून तो तसाच धुमसत राहिला. १९८५ नंतर तो रस्त्यावर आला आणि त्यात माणसे दगावली. ४ फेब्रुवारी १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. त्याच वर्षी ३० मे रोजी, दोन पानांना मत दिल्यानंतर वीस वर्षांनी, गोवा राज्य झाले.

आता आपल्याकडे वळू. गोव्याचा हा कायदा होण्यापूर्वी काही आठवडे, ऑक्टोबर १९६६ मध्ये, बेळगावच्या वादासाठी महाजन आयोग नेमला गेला होता. गोव्याला मतपेटी मिळाली, बेळगावला आयोग. महाराष्ट्राची भूमिका तेव्हापासून अशी आहे की, खेडे हा घटक धरावा, भौगोलिक सलगता पाहावी, भाषिक बहुसंख्या पाहावी आणि लोकेच्छा मानावी. महाजन अहवाल आपण याच कारणासाठी नाकारला आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. ही भूमिका न्यायाची आहे असे आपण मनापासून मानतो. पण मग लोकेच्छा हे तत्त्व निपाणीत एक आणि पणजीत दुसरे, असे होऊ शकत नाही. १९६७ मध्ये गोव्याने आपल्याला नाकारले, ही सल बाळगणे म्हणजे बेळगावसाठी जो युक्तिवाद आपण करतो त्याचीच धार बोथट करणे होय.

संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले, कारण त्यांचे म्हणणे दिल्लीला वेळेवर ऐकू आले नाही. गोवेकराचे म्हणणे ऐकण्यासाठी दिल्लीने मतपेटी ठेवली. मोठ्या भावाच्या मायेने आपण हात पुढे केला होता. धाकट्याने तो नम्रपणे दूर सारला, आणि आपल्या ओसरीवरचे मराठी मात्र तसेच ठेवले. त्यात महाराष्ट्राची हार मानण्याचे कारण नाही. विचारल्यावर माणसे शहाणपणाने उत्तर देतात, याचा तो दाखला आहे; आणि असा दाखला हाताशी असणे सीमेवरच्या मराठी माणसाच्या हिताचेच आहे.