परभणीच्या शिरगणतीचा एक रकाना

आपत्तीचा खरा इतिहास पुष्कळदां शिरगणतीच्या रुक्ष रकान्यांत दडलेला असतो. 1891 सालीं परभणी जिल्ह्याची लोकसंख्या आठ लक्षांच्या घरांत होती. 1901 सालीं ती साडेसहा लक्षांच्याहि आंत आली. हिंगोली व वसमत हे तालुके तेव्हां याच जिल्ह्यांत, आणि जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. मध्यंतरीं 1899-1900 चा दुष्काळ होऊन गेला. उणीं झालेलीं सारींच माणसें भुकेनें मेलीं असें नव्हे. कांहीं रोगांस बळी पडलीं, कांहीं परागंदा झालीं.

दैवदुर्विलास असा कीं, मनमाडहून निघालेला गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग याच सुमारास या भागांत येत होता. रूळ आले म्हणजे धान्य येतें. पण तें विकत घेण्यास गांठीं पैसा असणें ही गोष्ट निराळी. शेत करपलें कीं मजुराचें काम बुडतें, आणि काम बुडालें कीं बाजारांत ज्वारी असूनहि ती त्याची नसते.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतानें बेदरच्या बादशहाचीं कोठारें आज्ञेवांचून उघडलीं, ही कथा आपण भक्तीनें ऐकतों. कथा हृद्य खरी. पण तालुक्यागणिक एकेक दामाजी कोठून आणावा?

1972 सालीं मराठवाड्यास पुन्हां पाऊस अंतरला. आतां परभणी महाराष्ट्रांत होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध अशीं कामें निघालीं. 1973 च्या उन्हाळ्यांत राज्यभर सुमारें पन्नास लक्ष माणसें त्यांवर राबत होतीं. उंबरठा न ओलांडणाऱ्या घरंदाज स्त्रियाहि खडी फोडावयास बसल्या. मजुरी तुटपुंजी होती, गुरें गेलीं, आणि कारभार निर्दोष होता असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं. कामावर सुकडी वाटली जाई. परदेशांतून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीस नांवें ठेवणारे पुष्कळ होते, पण नांवें ठेवण्यास ते जिवंत होते!

वि. स. पागे यांनीं पुरस्कारिलेल्या रोजगार हमीचा कायदा विधिमंडळानें 1977 सालीं संमत केला. काम मागणारास तें न मिळाल्यास बेकारभत्ता मागण्याचा हक्क त्यानें दिला. आणि खर्चाच्या तरतुदीसाठीं शहरांतील नोकरदारांवर व्यवसाय-कर बसला होता. 1971 व 1981 या दोन शिरगणत्यांच्या दरम्यान परभणीची लोकसंख्या घटली नाहीं, वाढली.