ल्यूथर वाचला तो कसा?

शाळेच्या पुस्तकात मार्टिन ल्यूथर चार ओळींत आटोपतो. १५१७ साली विटेनबर्ग येथे त्याने ९५ कलमे मांडली आणि धर्मसुधारणा सुरू झाली. मग वर्गातला एखादा चुणचुणीत मुलगा विचारायचा, "सर, त्याला जाळलं कसं नाही?" प्रश्न रास्तच. शंभर वर्षांपूर्वी, १४१५ मध्ये, यान हुसला तर अभयपत्र मिळालेले असूनही कॉन्स्टन्स येथे जिवंत जाळले होते.

जानेवारी १५२१ मध्ये पोपने ल्यूथरला बहिष्कृत केले. एप्रिलमध्ये वर्म्सच्या सभेत, एकवीस वर्षांच्या सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर, त्याने आपले लिखाण मागे घ्यायला साफ नकार दिला. मे महिन्यात बादशाही फर्मान सुटले: याला कोणी थारा देऊ नये, अन्नपाणी देऊ नये, याची पुस्तके जाळावीत.

पण सॅक्सनीचा इलेक्टर फ्रेडरिक सावध गृहस्थ होता. ल्यूथर शिकवत होता ते विद्यापीठ त्यानेच १५०२ साली स्थापन केलेले. शिवाय सम्राट निवडणाऱ्या सात जणांपैकी तो एक. १५१९ च्या निवडणुकीत पोपला त्याची गरज होती, म्हणून ल्यूथरचे प्रकरण तेव्हा रेंगाळले होते. आता फ्रेडरिकने युक्ती केली. वर्म्सहून परतताना ल्यूथरला वाटेत स्वारांनी पळवून नेले. ते स्वार त्याचेच! वार्टबुर्गच्या किल्ल्यात ल्यूथर दाढी वाढवून, 'सरदार यॉर्ग' बनून दहा महिने राहिला. तिथेच त्याने नव्या कराराचे जर्मन भाषांतर केले. ते सप्टेंबर १५२२ मध्ये छापून निघाले.

सम्राटाचे काय? एकीकडे फ्रान्सशी युद्ध, दुसरीकडे तुर्कांची चढाई. १५२२ साली तो स्पेनला गेला, तो १५३० पर्यंत जर्मनीत फिरकला नाही. १५४६ साली ल्यूथर आइस्लेबेन या जन्मगावी गेला, तो अंथरुणावरच.

१ जुलै १५२३ रोजी ब्रुसेल्समध्ये ल्यूथरच्याच पंथाचे दोन संन्यासी जाळले गेले. धैर्य त्यांच्याकडेही होतेच. त्यांना फ्रेडरिक लाभला नाही, एवढाच फरक.

गंमत अशी, की हा फ्रेडरिक जुन्या वळणाचा भाविक. संतांचे हजारो अवशेष त्याने जमवलेले. ल्यूथरची मते त्याला सगळी पटत होती असे नव्हे. पण आपल्या माणसाचे म्हणणे नीट ऐकल्याशिवाय त्याला शिक्षा होऊ नये, हा त्याचा हट्ट होता.

ल्यूथर स्वतः मात्र हे शिकला नाही. १५४३ साली त्याने ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळावीत असे लिहिले. एकेकाळी ज्याला स्वतःला थारा मिळाला, त्याने दुसऱ्यांचा थारा काढून घ्या म्हणावे! हुतात्म्यांचे आणि बंडखोरांचे धडे आपण शिकवतो, ते योग्यच आहे. पण न पटणाऱ्या माणसाला आसरा देणाऱ्या फ्रेडरिकसाठीही पुस्तकात एखादी ओळ हवी होती, असे वाटते.